मुलाखतीनंतरचे पत्र

आपल्या समाजाच्या गेल्या तीन पिढ्यांचे कागद कोणी गोळा करायचे ठरवले, तर सर्वांत मोठा गठ्ठा अर्जांचा निघेल. नादारीचा अर्ज, जातीच्या दाखल्याचा अर्ज, वसतिगृहातील प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती अडकल्याचा अर्ज, घरकुलाचा अर्ज, गायरानावरील नोंदीचा अर्ज. प्रत्येकाच्या आरंभी 'कृपावंत होऊन' आणि अखेरीस 'आपला आज्ञाधारक'. शाळेतही आम्ही शिक्षक हेच शिकवत आलो. मराठीच्या पेपरात मागणीपत्र येते, विनंतीपत्र येते, त्यांचा सराव दहावीपर्यंत घोटून घेतला जातो. मागावे कसे, हे आपली मुले उत्तम शिकतात. मिळाल्यावर अथवा भेटून आल्यावर काय लिहावे, हा धडा मात्र क्वचितच होतो. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'माजी विद्यार्थी व पालक यांना उपयोगी पडेल असे काही लिहा' असे सुचवले, तेव्हा हाच विषय घ्यावा असे मनाशी ठरवले. विषय लहान दिसतो. त्यात गुंतलेली गोष्ट लहान नाही.

प्रथम व्यवहाराची बाजू. आपल्या जिल्ह्यातून बारावी होणाऱ्या बहुसंख्य मुलामुलींना प्रवेशासाठी मुलाखत द्यावी लागत नाही. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय या शाखांचे प्रवेश परीक्षेतील गुण आणि केंद्रीय फेऱ्या यांवर होतात. यादी लागते, नाव असते किंवा नसते. तेथे कोणाचे आभार मानण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि ते एका अर्थी फार चांगले आहे. परंतु अलीकडे आपल्या शाळेची काही मुले वेगळ्या वाटेने जाऊ लागली आहेत. बंगळूर आणि भोपाळ येथील अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या संस्था लेखी परीक्षेनंतर मुलाखत घेतात. समाजकार्य, विकास, शिक्षणशास्त्र, पत्रकारिता अशा काही अभ्यासक्रमांना मुलाखत असते. परदेशी जाण्याची उमेद धरणाऱ्यांना तेथील विद्यापीठातील प्राध्यापकांशी अथवा शिष्यवृत्ती देणाऱ्या मंडळाशी मोबाईलच्या पडद्यावरून बोलावे लागते. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करण्यापूर्वी विद्यापीठाचा प्रवेश हाती असावा लागतो, आणि तो मिळवताना असे एखादे संभाषण होणे आता नवलाचे राहिलेले नाही.

अशा मुलाखतीनंतर एक-दोन दिवसांत समितीला चार ओळींचे आभाराचे पत्र पाठवावे, असा रिवाज इंग्लंड-अमेरिकेत रुळलेला आहे आणि आपल्याकडील नव्या विद्यापीठांत तो हळूहळू येत आहे. मुले विचारतात, 'सर, लिहायचे का? आणि लिहायचे तर काय?' या प्रश्नाला आजवर मी दोन प्रकारची उत्तरे प्रत्यक्ष पाहिली आहेत. पहिले उत्तर मौन. 'त्यांनी त्यांचे काम केले, आपण आपले, आभार कसले?' असे म्हणणारी मुले हुशार असतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही असते. दुसरे उत्तर म्हणजे असे पत्र, जे वाचताना शिक्षकाच्या पोटात कालवते. 'मी अत्यंत गरीब, मागासवर्गीय कुटुंबातील असून आपण मला आपल्यासमोर बसण्याची संधी दिलीत हे माझे भाग्य आहे. आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही. कृपया माझा विचार व्हावा.' हे पत्र आभाराचे नव्हेच. तो पुन्हा एकदा अर्जच आहे, फक्त शीर्षक बदललेले.

मौन आणि लोटांगण ही दोन टोके दिसायला परस्परविरुद्ध आहेत, पण दोन्हींचे मूळ एकच आहे, असे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटते. आपल्या गावगाड्यात 'धन्यवाद' हा शब्द बरोबरीच्या माणसांत कधी वापरलाच गेला नाही. वरून खाली काही टाकले जाई आणि खालून वर आशीर्वाद जात. येसकराची पाळी करणारा महार रात्रभर गाव राखी, सरकारी कागद या गावाहून त्या गावाला नेई, मेलेले जनावर ओढी, मयताचा सांगावा घेऊन कोसभर पायपीट करी. या कामाचा मोबदला म्हणजे बलुते आणि घरोघरची भाकर. कष्टाचा मोबदला असूनही तो घेताना 'जोहार मायबाप' म्हणावे लागे. ज्याने काम करून घेतले तो दाता ठरला आणि ज्याने काम केले तो याचक. आपल्या अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांनी १९७८ साली आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, त्यामागे हाच सारा हिशेब आहे.

हा हिशेब मोडावा म्हणून बाबासाहेब या जिल्ह्यात आले होते. डिसेंबर १९३९ मध्ये श्रीरामपूरजवळील हरेगाव येथे महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्या पिढीतील माणसे आता फारशी उरलेली नाहीत. वतनाचा प्रश्न हा वरवर जमिनीचा आणि जुडीचा प्रश्न होता. पण त्याच्या मुळाशी होते ते हे की, श्रमाचा मोबदला हक्काने मिळावा, दयेने नव्हे. 'जोहार' जाऊन त्या जागी 'जय भीम' आला, तो केवळ अभिवादनातील बदल म्हणून आला नाही. मान वर करून समोरच्याच्या डोळ्यांत पाहत बोलावयाचे शब्द आपल्याला प्रथमच मिळाले.

म्हणून आपल्या मुलाला 'आभार मानायचे कशाला?' असे वाटते तेव्हा त्याला उद्धट ठरवू नये. त्याच्या आज्याने फार आभार मानलेले आहेत. कोटा पुरून उरेल इतके.

परंतु एवढ्यावर थांबले तर बाबासाहेबांचेच उदाहरण आपण अर्धे वाचले असे होईल. त्यांच्या आयुष्यातील पहिली मोठी मुलाखत १९१३ सालची. वडिलांचे निधन त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेले. घरची स्थिती कठीण. बी. ए.पर्यंतच्या शिक्षणासाठी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची मदत मिळालेली होती, आणि ती मिळवून देण्यात कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचा वाटा होता. आता महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेस पाठवणार, असे कळले. भेट झाली. चरित्रकारांनी जो प्रसंग नोंदवला आहे त्याचा मथितार्थ असा की, महाराजांनी कोणते विषय शिकणार आणि त्या शिक्षणाचे काय करणार, असे विचारले. बावीस वर्षांच्या या तरुणाने समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्त ही नावे सांगितली आणि त्या अभ्यासातून आपल्या समाजाची दुरवस्था पालटण्याचा मार्ग सापडेल, असे उत्तर दिले. महाराजांनी हसून, मग आमची नोकरी केव्हा करणार, असे विचारल्याचेही सांगितले जाते. यानंतर ४ जून १९१३ रोजी संस्थानाशी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

येथे करार हा शब्द पालकांनी नीट पाहावा. घेणाऱ्याने काय द्यायचे आणि देणाऱ्याने काय द्यायचे, हे दोन्ही त्यात लिहिलेले होते. ती भीक नव्हती. तरीही बाबासाहेबांनी ती गोष्ट निव्वळ व्यवहार मानून सोडून दिली नाही. १९२५ साली 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती' हा त्यांचा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. अर्पणपत्रिकेत आपल्या शिक्षणास झालेल्या मदतीबद्दलची कृतज्ञता एका वाक्यात नमूद आहे. एकाच वाक्यात. त्यात 'चरणरज' नाही, 'अन्नदाता' नाही, 'आपल्या कृपेवाचून मी कोण' असेही नाही. काय मदत झाली, कोणी केली, कशासाठी केली, एवढेच.

आता या दोन तारखांच्या मध्ये काय घडले ते आठवावे. सप्टेंबर १९१७ मध्ये करारानुसार बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. शहरात राहायला जागा मिळेना. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकीत. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. हे सारे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. बडोद्याची नोकरी सुटली, आणि संस्थानाने शिष्यवृत्तीच्या रकमेची मागणी पुढे केली, तो पत्रव्यवहारही झाला. असा अनुभव घेतलेल्या दुसऱ्या कोणी बडोदा हे नाव पुन्हा उच्चारले नसते. बाबासाहेबांनी १९२५ मध्ये सयाजीरावांना ग्रंथ अर्पण केला, आणि बडोद्यातील अपमानाची हकीगत लिहिताना एक शब्दही सौम्य केला नाही.

माझ्या मते आपल्या विद्यार्थ्यांना कृतज्ञतेचा धडा द्यायचा असेल तर तो येथून द्यावा. महाराजांनी केलेले महाराजांच्या नावावर आणि बडोद्याने केलेले बडोद्याच्या नावावर. एकाने दुसरे फिटत नाही. आपल्याकडे मात्र नेहमी फिटवाफिटव होते. 'संस्थेने तुला शिकवले, आता संस्थेच्या कारभाराविषयी बोलू नकोस' असे सांगणारे लोक सर्व समाजांत आहेत, आपल्यातही आहेत, आणि ते कृतज्ञता या शब्दाचा उपयोग तोंडाला लावायच्या कुलुपासारखा करतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी आयर्लंडचे देशभक्त डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला दिला होता. थोर माणसांविषयी कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, पण त्या कृतज्ञतेलाही मर्यादा आहे आणि आत्मसन्मान देऊन ती कोणालाही करता येत नाही, असा त्याचा भाव. ते बोलत होते ते राष्ट्र आणि नेते यांच्याविषयी. पण अठरा वर्षांची मुलगी आणि तीन प्राध्यापकांची समिती यांनाही ते तंतोतंत लागू पडते.

'कृतज्ञ' या शब्दाचाच विचार करावा. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. पालीत कतञ्ञू. आपण दर पौर्णिमेला ज्या महामंगल सुत्ताचे पठण करतो, त्यातील मंगलांत कतञ्ञुता आहे. समोरच्याने नेमके काय केले ते जाणणे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे ही जितकी भावनेची तितकीच माहितीची बाब आहे. मराठीत आपण आभाराला 'ऋण' म्हणतो, 'मी आपला ऋणी आहे' असे सर्रास लिहितो. मला हा शब्द रुचत नाही. ऋण म्हटले की फेडणे आले, सावकार आला, आणि आमच्या पाथर्डी-जामखेडकडे उचल आली. तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांनी 'ऋणी' लिहू नये, असा माझा आग्रह असतो. काही सहकारी याला माझे खूळ म्हणतात, म्हणोत.

तर मग मुलाखत घेणाऱ्या समितीने नेमके काय केले? जागा दिली का? नाही, ती अजून द्यायची आहे, आणि दिली तरी ती परीक्षेवर, गुणवत्तेवर आणि राखीव जागांच्या घटनात्मक तरतुदीवर दिली जाईल. तिच्यासाठी कोणाचेही आभार मानायचे कारण नाही. समितीने दिला तो वेळ. ऐकून घेतले. काही प्रश्न विचारले, आणि एखादा प्रश्न असा विचारला की जो घरी येईपर्यंत डोक्यात फिरत राहिला. पत्रात आभार मानावेत ते या गोष्टींचे.

गेल्या काही वर्षांत अशी जी पत्रे माझ्या पाहण्यात आली, त्यांतले एक येथे द्यावेसे वाटते. लिहिणारी मुलगी आपल्या शाळेची, आईवडील ऊसतोडीला जाणारे. नाव देण्याचे कारण नाही. मुलाखत हिंदी-इंग्रजी मिश्र झाली होती, पत्र तिने सोप्या इंग्रजीत लिहिले. मी फक्त दोन स्पेलिंगे सांगितली. त्याचा मराठी आशय असा :

'काल सकाळी अकरा वाजता आपण माझी मुलाखत घेतलीत. माझे बोलणे अडखळत असूनही शेवटपर्यंत ऐकून घेतलेत, त्याबद्दल मी आभारी आहे. ऊसतोड मजूर दरवर्षी त्याच मुकादमाकडे परत का जातात, असे आपण विचारलेत. मी फक्त गरिबीमुळे असे म्हणाले. ते उत्तर अपुरे होते. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाच्या आधी त्या कोयत्यावर उचल मिळते. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. म्हणून माणूस परत जातो तो जुन्या हिशेबासाठी जातो. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, पण ते एखाद्या प्रश्नाचे उत्तर असू शकते, हे मला मुलाखतीच्या वेळी कळले नाही. आपल्या प्रश्नामुळे ते कळले.' खाली नाव आणि अर्जाचा क्रमांक.

या पत्रात दारिद्र्य आहे, पण ते दाखवायला ठेवलेले नाही. ते विषय म्हणून आले आहे. मुलगी तेथे कीव मागत नाही, माहिती देते, आणि समोरच्या प्राध्यापकांपेक्षा त्या एका गोष्टीत तिला अधिक कळते, हे वाचणाऱ्याला आपोआप समजते. 'माझा विचार व्हावा' हे वाक्य नाही, याकडेही लक्ष द्यावे. ते वाक्य आले की आधीची सगळी वाक्ये लाच वाटू लागतात.

बाबासाहेबांनी आपल्या प्राध्यापकांना लिहिलेल्या पत्रांतही हीच रीत दिसते. कोलंबियाचे प्रा. एडविन सेलिग्मन यांनी १९१६ मध्ये लंडनच्या प्राध्यापकांना त्यांच्यासाठी परिचयपत्रे दिली होती. पुढे १९१७ साली परतीच्या प्रवासात सामान वाहणारी बोट पाणतीराने बुडाली आणि प्रबंधाचे हस्तलिखित गेले. फेब्रुवारी १९२२ मध्ये लंडनहून सेलिग्मन यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी ते सांगितले, आणि आपण नवा प्रबंध लिहून काढल्याचे कळवले. ज्याने आपल्यावर विश्वास टाकला त्याला पुढे काय झाले ते कळवायचे. याहून चांगले आभार शिक्षकाला नको असतात, हे मी माझ्या तीस वर्षांच्या नोकरीवरून सांगू शकतो. आणि केळुसकर गुरुजी? त्यांनी विद्यार्थिदशेतील एका सत्कारप्रसंगी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ती भेट नावानिशी नोंदवली. दरम्यान सुमारे पन्नास वर्षे गेली होती.

पत्राच्या बाह्यरूपाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण मुले तेथेच अडतात. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत लिहावे. सहा-सात वाक्यांपेक्षा अधिक नको, समितीतील माणसांना अशा शेकडो मुलांना भेटायचे असते. सदस्यांचे पत्ते ठाऊक नसतील तर कोठून तरी शोधून काढण्याच्या भानगडीत पडू नये. प्रवेश कार्यालयाच्या ई-मेलवर 'समितीस कळवावे' असे लिहून पाठवावे. विषयाच्या ओळीत नाव आणि अर्ज क्रमांक असावा. जातीचा दाखला, गुणपत्रिका, सत्काराची छायाचित्रे जोडू नयेत, ती अर्जासोबत गेलेली असतात. ज्या भाषेत मुलाखत झाली त्या भाषेत लिहावे, आणि स्वतः लिहावे. मोबाईलवर तयार मिळणारी पत्रे हल्ली सर्वत्र फिरतात. ती गुळगुळीत असतात आणि सगळी एकसारखी असतात, त्यांतून ऊसतोडीच्या मुलीचा कोयता कधी येणार नाही. शेवटी 'आपला आज्ञाधारक' ऐवजी 'आपली विश्वासू' पुरे. 'जय भीम' लिहावा का, असे एकाने विचारले होते. ज्याला तो नेहमीच्या पत्रात सहज येतो त्याने अवश्य लिहावा. समोरचा काय म्हणतो ते पाहण्यासाठी लिहू नये.

एक सावधगिरीची सूचनाही येथेच करतो. लोकसेवा आयोगाची अथवा शासकीय भरतीची मुलाखत ही वेगळी गोष्ट आहे. तेथे मंडळाच्या सदस्यांशी मुलाखतीआधी वा नंतर खासगी संपर्क साधणे हा वशिल्याचा प्रयत्न मानला जाऊ शकतो आणि त्यामुळे उमेदवार अपात्र ठरू शकतो. तेव्हा हा रिवाज शिक्षणसंस्थांपुरताच ठेवावा, आणि तेथेही संस्थेने 'संपर्क करू नये' असे कळवले असेल तर मुळीच लिहू नये. नियम सर्वांना सारखा असावा म्हणून आपण झगडलो आहोत. आपल्या मुलासाठी त्यात फट शोधू नये.

ऊसतोडीच्या मुलीची त्या विद्यापीठात निवड झाली नाही. ती आज नगरमध्ये बी. ए. करते आहे. यादी लागल्यावर तिचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, 'गुरुजी, मग त्या पत्राचा उपयोग काय झाला?' त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांच्या आयुष्यात कागद लिहिला जातो तो काम व्हावे म्हणूनच लिहिला जातो, आणि काम झाले नाही तर कागद वाया गेला. मी त्यांना सांगितले की, पत्राने जागा मिळत असती तर मी ते तिला लिहूच दिले नसते. ज्यांच्याकडे चांगली पत्रे लिहून देणारी माणसे आहेत त्यांच्याच मुलांना मग जागा मिळाल्या असत्या. उपयोग झाला तो एवढाच की, तुमच्या लेकीला स्वतःच्या घरातली गोष्ट मोठ्या माणसांपुढे मांडता आली, रडून नाही आणि हात जोडूनही नाही. ते काही वेळ बसून राहिले. मग विचारले, 'उचलीचं लिहिलं का तिनं? खरं लिहिलं ना?' खरे लिहिले होते. ते वाचून दाखवा म्हणाले, आणि मी वाचून दाखवले. समितीतील एका प्राध्यापिकेचे दोन ओळींचे उत्तर आले होते, तेही त्यांना मराठीत सांगितले. त्या बाईंनी उत्तराबद्दल मुलीचेच आभार मानले होते.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे या स्मरणिकेच्या वाचकांविषयी. मुलांना सन्मानाने आभार मानायला शिकवायचे तर आभार घेणाऱ्यांनाही काही शिकावे लागेल. आपल्या समाजात जयंतीच्या दिवशी वह्यावाटप होते, दप्तरवाटप होते. देणारे मनापासून देतात, यात शंका नाही. पण पन्नास रुपयांची वही देताना मुलाला व्यासपीठावर उभे करायचे, त्याचा हात आणि वही छायाचित्रात येईल अशी मान वळवायची, आणि शेवटी त्याच्याकडून दोन शब्द बोलून घ्यायचे, हा प्रकार मला असह्य होतो. त्या दोन शब्दांत जुना 'मायबाप' फक्त नव्या कपड्यांत उभा असतो. बलुत्याच्या भाकरीचे निदान छायाचित्र निघत नव्हते. माझी विनंती आहे की, यापुढे आपल्या शाळेत वस्तू वसतिगृहाच्या भांडारात जमा व्हाव्यात, त्यांची नोंद वहीत व्हावी आणि मुलांना त्या इतर साहित्याबरोबर मिळाव्यात. ज्या मुलाला देणाऱ्यास काही लिहावेसे वाटेल तो लिहील. वर्गात पत्रलेखनाचा तास आहेच.

दुसरी विनंती माजी विद्यार्थ्यांना. आपल्यापैकी काहीजण आज महाविद्यालयांत शिकवतात, कोणी बँकेत आहेत, कोणी शासनात, दोघे-तिघे परदेशात. म्हणजे टेबलाच्या ज्या बाजूला आपण एकेकाळी घाम पुसत बसत होतो, तिच्या पलीकडे आता आपली माणसे बसू लागली आहेत. अशा एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे पत्र तुमच्याकडे आले, मग ते आपल्या समाजाचे असो वा नसो, तर त्याला उत्तर पाठवा. निवड झाली नसेल तर आवर्जून पाठवा. दोन ओळी पुरतात. नियमाने उत्तर देता येत नसेल तर तेवढे एका वाक्यात कळवावे.

आणि ज्यांना शाळा सोडून वीस-पंचवीस वर्षे झाली, पण ज्यांनी आपल्या पहिल्या मुलाखतीसाठी सदरा उसना घेतला होता, एस. टी.च्या भाड्याचे पैसे वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंकडून घेतले होते, त्यांनी त्या बाईंना अजून पत्र लिहिलेले नसेल तर तेही लिहावे. त्या आता सेवानिवृत्त आहेत आणि शाळेमागच्या वस्तीत राहतात. वाचता येत नसले तरी नात आठवीत आहे, ती वाचून दाखवते.